समुद्राला द्यायची वही

माघ शुद्ध पंचमी, शके १७८७, रविवार

यांचा खोकला काही जात नाही.

आज दुपारी कोठीघरात कणगीमागे ही वही घेऊन बसले होते. दाराशी खुक् खुक् झालं. नेहमीसारखं दोनदा. वही कणगीत टाकली, बोरू पदराखाली लपवला आणि मांडीवर सूप ओढून बसले. हे आत आले. म्हणाले, "काय करून राहिली वं?"

"जवारी निवडून राहिली."

"निवड, निवड," म्हणाले आणि पाणी पिऊन गेले. सूप रिकामंच होतं, हे माझ्या मागून ध्यानात आलं. बरं तर बरं, यांचं लक्ष अशा गोष्टींकडे नसतं.

अडीच वर्षं झाली या खोकल्याला. जेवताना येत नाही, शेतात येत नाही, झोपेत येत नाही. नेमका दुपारी घरात शिरताना येतो. वैद्य म्हणतो, उन्हातून सावलीत आलं की असं होतं. मी रोज अडुळशाचा काढा देते. कडू जहर. बिचारे डोळे मिटून पितात, कधी हूं की चूं करत नाहीत.

पण मला खरं कारण ठाऊक आहे. सासूबाई म्हणायच्या, बाईच्या हाती लेखणी आली की धन्याच्या आयुष्याला कीड लागते. घरात सासऱ्यांच्या वेळची पोथी. दर श्रावणात बुवा येऊन वाचायचे. चाळीस श्रावण ऐकून ओव्या मला तोंडपाठ झालेल्या. अडीच वर्षांमागच्या श्रावणात एकदा घरी कोणी नव्हतं, तेव्हा पोथी उघडली आणि तोंडानं ओवी म्हणत अक्षरांवर बोट फिरवत गेले. माहेरच्या वाटेवरची झाडं ओळखावी तशी एकेक अक्षर ओळखू आलं. दिवाळीपर्यंत मी लिहायला लागले. आणि त्याच श्रावणात यांना खोकला लागला! आता माणसानं काय समजावं?

शाईची मात्र ददात नाही. हे अमरावतीहून आणतात, कापसाच्या गठ्ठ्यांवर खुणा करायला. आम्ही कापूस मोकळाच गाडीत भरून विकतो. पण पुढंमागं गठ्ठे बांधलेच तर असावी म्हणतात. ही वहीसुद्धा यांनीच आणली. "पुड्या बांधाले होईन," म्हणाले आणि माझ्यासमोर टाकून गेले. शंभर कोरी पानं पुड्या बांधायला! कापसाला सोन्याचा भाव आल्यापासून माणसांना वस्तूची किंमत राहिली नाही. कोण्या दूरच्या मुलखात गोरे आपसांत लढले, आणि आमच्या गावात बैलांच्या गळ्यात चांदीची घुंगरं आली. लढाई संपली, भाव थोडा उतरला, पण घुंगरं अजून वाजताहेत.

आज जेवताना हे म्हणाले, "मुंबईचा दलाल म्हने, खोकल्याले समुद्राची हवा चांगली. अलिबागेत त्याची नारळाची वाडी हाये. चार दिवस हवा खाऊन येऊ."

"हवा खाले शंभर कोस? इथं काय हवा महाग झाली?"

"तुह्यासाठीच म्हनून राहिलो. तुनं समुद्र पाह्यला काय कधी? पाह्यलं तं लि... म्हनजे, कोनाले सांगाले होईन."

मी हो म्हटलं. पण मनात दुसरंच आहे, ते इथंच लिहून ठेवते. समुद्र मोठा देव. त्याला मी ही वही देणार. एवढी वही घे बाबा, आणि यांची छाती मोकळी कर. नवस बोलले आहे. बोलताना जीभ जरा अडखळली, पण बोलले.


माघ शुद्ध सप्तमी, मंगळवार

निघालो. शेती थोरल्या मुलावर, भगवंतावर टाकली आहे. छकड्यात आम्ही दोघं आणि सामान. यांचं नवं जरीकाठी पागोटं वेगळ्या पेटीत. या पेटीवर हात ठेवला तरी ओरडतात. पागोट्याला शिंक लागेल म्हणून मी तोंडावर पदर घेते.

आणखी एक पोतं आहे. उघडून पाहिलं तर गोवऱ्या!

"ह्या काहाले?"

"समुद्रावर रोडगे लावू. तिकडल्या गोवऱ्या कशा असतीन कोनाले ठाव? मुंबईच्या म्हशी काय खातीन, काय देतीन!"

रोडग्यांची कणीक भाजायला शेणाच्या गोवऱ्या घेऊन शंभर कोस निघालेला माणूस मी पहिलाच पाहिला, आणि तो माझ्याच कपाळी.

वही गाठोड्यात तळाशी आहे, पापडांच्या खाली.


माघ शुद्ध दशमी, शुक्रवार. अकोला

तीन दिवस हाडं खिळखिळी करून काल अकोल्यात आलो. वलीभाईंच्या घरी आहोत. वलीभाई कापूस पिंजणारे. आधी आमच्याच गावात राहायचे. हे आणि ते लहानपणी एकाच नदीत डुंबले, एकाच चिंचेवरून पडले. यांना नावानं हाक मारणारा आता हा एकच माणूस उरला. ते नाव मी इथं लिहीत नाही. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही, मग कागदानं तरी कसं घेऊ? एरवी वलीभाई यांना बुढ्या म्हणतात, ते चालतं. स्वतः दोन वर्षांनी मोठे आहेत.

त्यांची बायको कुलसुमबी माझी जिवाची मैत्रीण. आमची चूल वेगळी, तिची वेगळी. गप्पांना मात्र चूल लागत नाही. वहीचं फक्त तिलाच ठाऊक आहे. आज तिला नवस सांगितला. खोकल्याचंही सगळं सांगितलं, कधी येतो, कधी येत नाही ते.

ती पान लावता लावता थांबली. "म्हनजे दारातच येते खोकला? बाकी कोठीच नाई?"

"कोठीच नाई."

"आन् दोनदाच?"

"मोजून दोनदा."

कुलसुमबी इतकी हसली, इतकी हसली की पान हातातून पडलं. "अवं पार्बताबाई, तू बी नं! वही समुद्रात टाकू नको मात्र. आल्ला कसम, टाकू नको." हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. दुसऱ्याच्या नवऱ्याचा खोकला माणसाला हलकाच वाटतो.

दुपारी आम्ही दोघी आत बसलो होतो. दाराशी खुक् खुक् झालं आणि वलीभाई आत आले. त्यांच्यामागून पुन्हा खुक् खुक्, आणि हे आले. दोघंही म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे हसू दाबत होते. खोकला सांसर्गिक असतो म्हणतात ते खरंच. एका दिवसात वलीभाईंनाही लागला. मी दोघांना काढा दिला. वलीभाई एक घोट घेऊन म्हणाले, "या खुदा! बुढ्या, तू हे रोज पेते?"

"अडीच साल झाले," हे म्हणाले.

वलीभाईंनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

ते दोघंही आमच्याबरोबर येताहेत. संध्याकाळी आगगाडी आहे.


माघ शुद्ध द्वादशी, रविवार. मुंबई, धर्मशाळा

आगगाडीचं काय लिहू! फाटकावरच्या बाबूनं गोवऱ्यांचं पोतं पाहिलं. "यह क्या है?" हे म्हणाले, "जेवन." बाबूनं पोत्यात नाक घातलं आणि लगेच बाहेर काढलं. सोडलं आम्हाला.

गाडी सुटली तेव्हा कुलसुमबीनं माझा हात धरला आणि मी तिचा. थोड्या वेळानं भीती गेली आणि भूक लागली. मला सारखं वाटत होतं, एवढी धावून राहिली, हिला वैरण-पाणी कोण देतं? तर ठेसनावर खरंच पाणी पाजतात. लोखंडी सोंडेनं.

दुसऱ्या दिवशी घाट लागला. डोंगराच्या पोटातून गाडी गेली, मिट्ट काळोख झाला. वलीभाईंनी मोठ्यानं कलमा म्हटला, यांनी रामरक्षा, आणि उजेड आला तेव्हा दोघांनी एकमेकांना घट्ट धरलेलं होतं. पुढं एका जागी गाडी थांबली, इंजन या टोकाचं सोडून त्या टोकाला लावलं आणि गाडी उलटी चालू लागली. हे खिडकीतून पाहून म्हणाले, "बैल उलटा जुंपला! वा रे सायबा!"

एवढ्या प्रवासात यांना एकदाही खोकला आला नाही. धुरानं आम्हा तिघांचे घसे बसले आणि हे ठणठणीत! वाफेची हवा मानवते वाटतं.

मुंबईचं विशेष लिहीत नाही. माणसांना घाई फार आणि कोणी कोणाला राम राम करत नाही. यांनी पहिल्या शंभर माणसांना केला, मग हात दुखला.

आज दुपारी हे आणि वलीभाई बाजारात गेले. कुलसुमबी झोपली, म्हणून मी वही काढून हे वरचं लिहीत होते. तेवढ्यात जिन्यात खुक् खुक्! म्हणजे मुंबईची हवा वाईट. वही झाकली. यांच्या हातात मेणकापड होतं, दोन हात लांब.

"हे काहाले?"

"उद्या होडीत बसाचं हाये. पानी उडते म्हनतात. तुह्या गाठोड्यात भिजन्यासारखं काई असन तं ह्याच्यात गुंडाळ."

"माह्या गाठोड्यात काय असन? पापड हायेत."

"मंग पापड गुंडाळ." जरा थांबून म्हणाले, "चांगले गच्च गुंडाळजो. दोरीनं बांध."

पापडांची एवढी काळजी यांनी आजवर कधी केली नव्हती. अर्धं मेणकापड पापडांना झालं. उरलेल्यात वही गुंडाळली. दोन दिवसांत पाण्यात टाकायची वही कोरडी ठेवायला मेणकापड, हा शहाणपणाही माझाच.


माघ शुद्ध चतुर्दशी, सोमवार (त्रयोदशीचा क्षय). अलिबाग

शिडाच्या होडीनं रेवसाला उतरलो आणि तिथून बैलगाडीनं इथं आलो. होडीत वलीभाईंनी सकाळचं खाल्लेलं सगळं समुद्राला दिलं. यांनी त्यांची पाठ चोळली आणि म्हणाले, "नवस फेडून राहिला काय रे?" नवस हा शब्द ऐकला की मला आता वाटतं, सगळ्यांना ठाऊक आहे.

वाडी छान आहे. नारळाची झाडं, विहीर, शेणानं सारवलेली ओटी. आणि ओटीवरून दिसतो तो. समुद्र!

एवढं पाणी पाहून मी हात जोडले. यांनीही. वलीभाई कमरेवर हात ठेवून बराच वेळ लाटांचा फेस पाहत राहिले. मग म्हणाले, "भाभी, खाली कोनी तरी लय मोठा पिंजारी बसला हाये. पिंजतच हाये, पिंजतच हाये. आन् कापूस कोनी उचलून राहिलं नाई."

पाण्यात थोड्या अंतरावर किल्ला आहे. संध्याकाळी पाणी मागं गेलं तेव्हा माणसं वाळूवरून चालत तिथं जाताना दिसली. हे म्हणाले, "पाह्य, नदीसारखंच हाये. माघात पानी उतरते, मंग पात्रात जाऊन बसाचं. उद्या तिथंच रोडगे लावू."

शेजारची बुधीबाई कोळीण कुलसुमबीसाठी मासळी घेऊन आली होती. ती म्हणाली, "रेतीवर नको बसू बाबा. उद्या पुनव हाय. सूर्य डोईवर आला की दर्या भरतो, पार या माडांपरयंत येतो."

"माघात पूर?" हे हसले. "बाई, आमी पूर्णेकाठचे मानसं. पान्याचं आमाले नको सांगू."

बुधीबाईनं यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि "तुमची मर्जी" म्हणून गेली. तिच्या त्या बघण्यात मला माझी सासू दिसली.


माघ पौर्णिमा, मंगळवार, पहाटे

सगळे झोपले आहेत. ओटीवर बसून लिहिते आहे. हे शेवटचं.

काय लिहू? अडीच वर्षांत तुझ्यात मी भाकरी करपली तेही लिहिलं, सुनेशी भांडले तेही लिहिलं, आणि पाऊस कधी पडला ते लिहिलं. कोणाच्या कामाचं नव्हतं. पण लिहिलं की दिवस माझा व्हायचा. आता दिवस येतील आणि जातील.

यांची छाती मोकळी होवो. बाकी काही नको.


माघ वद्य प्रतिपदा, बुधवार

होय, लिहिते आहे. त्याच वहीत. कडेला खाऱ्या पाण्याचे डाग आहेत.

काल सकाळी पाणी दूर गेलेलं होतं. वाळू ओली, चकचकीत. पार खाली जाऊन बसलो. दोन चुली मांडल्या, एक आमची, दहा हातांवर कुलसुमबीची. नदीच्या वाळूत खणतो तसा पिण्याच्या पाण्यासाठी यांनी झिरा खणला. पाणी लागलं! छाती फुगवून यांनी पहिली ओंजळ घेतली आणि फुर्रर् करून थुंकले.

"कोनी मीठ टाकलं याच्यात?"

"तुह्या बापानं," वलीभाई म्हणाले.

मग घागर घेऊन विहिरीवर जावं लागलं. गोवऱ्या मात्र सुरेख पेटल्या. रोडगे फुलले, वांग्याचं भरीत झालं, तूप वाहिलं. त्याआधी मी एकटीच गाठोडं घेऊन पाण्याजवळ गेले होते. मेणकापडातली वही हातात घेतली. हात वर केला. तो खाली आला. पुन्हा वर केला. शेवटी मनाशी म्हटलं, उपाशीपोटी दान करू नये, जेवल्यावर देऊ. वही पुन्हा गाठोड्यात टाकून ते तिथंच एका काळ्या दगडावर ठेवलं, म्हणजे परत येऊन द्यावंच लागेल.

रोडगे पोटात गेले की माणूस ओंडका होतो. यांनी पागोटं घातलेलंच होतं. तसेच चादरीवर आडवे झाले. वलीभाई घोरू लागले. मीही जरा डोळा मिटला.

जाग आली ती वलीभाईंच्या ओरडण्यानं. "अबे बुढ्या! माह्या पायावर पानी कोन टाकून राहिलं?"

आमची चूल फुस्स करून विझली. चादर तरंगत होती. गोवऱ्या होड्यांसारख्या चालल्या होत्या. बुधीबाई वरून हात हलवत ओरडत होती, "आवो, वर या! वर या!" कुलसुमबीनं एका हातात रोडगा आणि दुसऱ्या हातात वलीभाईंची दाढी धरून त्यांना ओढलं. मी भांडी उचलली. हे म्हणत होते, "माघात? माघात?"

माडांजवळ आलो आणि मी मागं वळून पाहिलं. काळा दगड दिसत नव्हता. माझं गाठोडं लाटेवर वरखाली होत होतं, किल्ल्याकडे.

मी ओरडले नाही. माझ्या मनात आलं, मी देईना म्हणून त्यानं मागून घेतली. नवस फिटला. डोळ्यांत पाणी आलं, तेही खारंच.

तेवढ्यात यांनी ते गाठोडं पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. आणि सरळ पाण्यात शिरले.

"राहू द्या! अवो, राहू द्या! त्यालेच द्याचं होतं!" मी किंचाळले. त्यांना ऐकू गेलं नाही. गुडघा, कंबर, छाती. एक लाट आली आणि यांचं डोकं दिसेना. पागोटं तेवढं वर आलं, एकटंच, जर चमकवत निघालं. माझ्या तोंडात यांचं नाव आलं. दातांपर्यंत आलं. पण चाळीस वर्षांची सवय, तिथंच अडकलं. मी नुसतं "अवो! अवो!" करत राहिले, आणि समुद्राच्या आवाजात ते कोणाला ऐकू जाणार! मला वाटलं, सासूबाईंचं खरं झालं. कीड नव्हे, आख्खा समुद्र लावला मी यांना.

मग डोकं वर आलं. यांनी हात मारला, पुन्हा मारला, पूर्णेतला तोच जुना हात. गाठोडं धरलं, डोक्यावर घेतलं आणि पडत-उठत बाहेर आले. वलीभाई कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभे होते, त्यांनी ओढून घेतलं.

हे वाळूवर बसले आणि खोकू लागले. पोटापासून, डोळे लाल, सगळं अंग हलवत. खोकला थांबेना. मी पाठ चोळत होते आणि ऐकत होते. ऐकता ऐकता माझा हात थांबला.

हा खोकला वेगळा होता.

अडीच वर्षं जो ऐकला तो असा नव्हताच. तो खुक् खुक्, मोजून दोनदा, दारात. तसा आवाज मी आधी कुठं ऐकला होता? सासरे काढायचे. थोरले दीर काढायचे. घरात सुना बसल्या असतील, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून उंबऱ्याशी खाकरायचे. पण आपल्या बायकोसाठी कोणी नवरा खाकरतो का कधी? म्हणून मला कधी सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा वळसा तर अलिबागेपर्यंत आला.

"तुमाले खोकला नव्हताच," मी म्हटलं.

यांनी तोंड पुसलं. "आता झाला," म्हणाले.

"कधीपासून ठाव हाये तुमाले?"

"त्या श्रावनात. पोथीवर बोट फिरवून राहिली होती तू. मी दारातून पाह्यलं आन् मांगच्या मांग फिरलो. इचारलं असतं तं तू बंद केलं असतं. मंग म्हटलं, आधी वाजवावं आन् मंग घरात जावं."

"आन् काढा?"

"काढा कावून पेलो इचारतेस? नाई म्हटलं असतं तं खोकला नाई हे सांगा लागलं असतं!"

कुलसुमबी पदर तोंडात घालून हसत होती. वलीभाई पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बुढ्या, तुहं पागोटं गेलं किल्ल्यावर राज कराले." यांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. गाठोड्याची गाठ सोडत होते. भिजल्या दोरीची ती गाठ सुटेना, तर दातानं सोडली. मेणकापड उलगडलं. वही निघाली. यांनी ती उघडली नाही. धोतराला हात पुसायला गेले, तर धोतरच ओलं. मग वलीभाईंच्या कोरड्या दाढीला पुसले आणि वही माझ्या हातात दिली.

"नवस होता माहा," मी म्हटलं. "तुमच्या खोकल्यासाठी."

"मंग फिटला नं. खोकलाबी गेला, वहीबी आली. समुद्रानं पागोटं घेतलं, त्याचं त्याले पुरे."


माघ वद्य द्वितीया, गुरुवार

उद्या निघायचं. आज दिवसभर काही केलं नाही. नारळ प्यायलो, लाटा पाहिल्या. पाणी कधी भरतं आणि कधी उतरतं ते हे आता बुधीबाईला सांगतात, ती ऐकून घेते.

दुपारी मी ओटीच्या आत बसून लिहीत होते. दाराशी खुक् खुक् झालं. माझा हात सवयीनं वही झाकायला गेला. मग मी तो मागं घेतला.

"या," मी म्हटलं. "लिहून राहिली."

हे आले आणि भिंतीला टेकून बसले. थोडा वेळ माझ्या हाताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "वाच नं एखादं पान."

मी वाचलं. गोवऱ्यांचं पान वाचलं, तेव्हा हसले. काढ्याचं वाचलं, तेव्हा जास्त हसले. पौर्णिमेच्या पहाटेचं पान मी उलटून पुढं जाणार होते, पण त्यांनी बोट ठेवलं. तेही वाचलं. मग यांनी पानावर वाकून विचारलं,

"याच्यात माहं नाव कोठी हाये?"

"नाई."

"एकबी पानावर नाई?"

"सगळ्या पानांवर 'हे' हाये. ते तुमीच."

तोंड एवढंसं झालं. "परवा बुडून राहिलो होतो तवाबी तू अवो, अवोच करत होती. समुद्राले काय समजन, कोनाले बोलावून राहिली!"

"तोंडानं कसं घेऊ?"

"तोंडानं घे कोन म्हन्ते? हात तं मोकळा हाये नं?"

मी बोरू शाईत बुडवला. चाळीस वर्षं जे ओठांवर आलं नाही, ते हाताला कसं जमणार, असं वाटलं. पण जमलं. तीन अक्षरं, मधलं जोडाक्षर. यांनी वाकून पाहिलं. मग मी पोथीवर फिरवायचे तसं आपलं बोट एकेका अक्षरावरून हळू फिरवलं. शाई ओलीच होती. बोट काळं झालं. ते बोट तसंच वर धरून बाहेर गेले, वलीभाईंना दाखवायला. अजून धुतलेलं नाही.

मधलं अक्षर पुसट झालं आहे. म्हणून खाली पुन्हा एकदा स्वच्छ लिहिते.

नत्थुजी.